पहिलं विरजण

"बाई, दुधाला विरजण लागतं. मग जगातलं पहिलं विरजण कुणी दिलं?" दहावीच्या वर्गात एका पोरीनं विचारलं. वेल्ह्याच्या वरच्या वाडीतल्या मेंढपाळाची लेक. इतकी वर्षं शास्त्र शिकवतेय, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

तोच प्रश्न आम्ही भोरच्या विज्ञान प्रदर्शनाला घेतला. डाळीचं पाणी दोन बाटल्यांत उकळलं, एक उघडी ठेवली, दुसरीला कापसाचा बोळा लावला. उघडी विटली, बोळ्याची चांगली राहिली. म्हणजे आज जीव जीवापासूनच येतो. मग पहिला? ते तिनं तक्त्यावर मांडलं: तापलेली पृथ्वी, कडाडणाऱ्या विजा, समुद्रतळाचे ऊन झरे, साध्या रसायनांतून जुळत गेलेले रेणू, आणि कोट्यवधी वर्षांनी त्यातलाच एखादा स्वतःची नक्कल करणारा. खाली लिहिलं, 'नेमकं कसं झालं, ते अजून शोधतायत.'

तिच्या बापाचा शब्द होता, जिल्ह्याला निवड झाली तर अकरावीला भोरला ठेवणार. न्हाईतर मेंढरं हायतच.

आमच्या मुख्याध्यापकांना पूजेशिवाय चैन पडत नाही. शाळेत संगणक आला तर त्याच्यावरच नारळ फोडायला निघाले होते. प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या दिवशी, पोरीला यश यावं म्हणून, त्यांनी कुणाला न सांगता बाटलीला हळदकुंकू वाहिलं. काचेवर डाग नको, म्हणून बोळा काढून चिमूटभर आत टाकलं आणि बोळा परत लावला. दुसऱ्या दिवशी परीक्षक आले तेव्हा पाणी गढूळ, तोंडाशी फेस.

पोर म्हणाली, कुणीतरी बोळा काढलाय. परीक्षक हसले आणि पुढच्या टेबलाकडे वळले. मी बाटली उचलून पाहिली, तळाशी कुंकू. सर हळूच म्हणाले, "मीच वाहिलं, चांगल्यासाठीच." माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा. तर म्हणे, देवाचं केलेलं चारचौघांत बोलून दाखवू नये. मग मीच गेले. परीक्षकांनी सरांना विचारलं, तर हे खाली बघत गप्प! निकाल लागला तो लागलाच.

संध्याकाळी बाप न्यायला आला. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "देवाची मर्जी." बाप त्यांच्या पाया पडला आणि मला म्हणाला, "बाई, मोठ्या मानसाला आसं बोलू न्हाई." पोरीनं दप्तर उचललं.

अकरावीचे वर्ग सुरू झालेत. ती मेंढरांमागे आहे. सर अजूनही मर्जीचंच सांगतात, आणि मी दर वेळी तोंडावर सांगते: देवाला कशाला मधे घेता, चिमूट तुमची होती.