खिडकीजवळची खाट

धुळे-जळगाव बसवर मी कंडक्टर आहे, त्यामुळे संशय हा माझ्या धंद्याचाच भाग. पारोळ्याच्या स्टँडवर केस काळेभोर रंगवलेला माणूस फुकट प्रवासासाठी पंच्याहत्तर वय सांगतो आणि वर म्हणतो, "ताई, रोज तर बघता मला." रोज बघते म्हणूनच कार्ड मागते. घरचे म्हणतात, मी देवाचा प्रसादसुद्धा वास घेऊन तोंडात टाकते. टाकते. त्यात लाज कसली?

मागच्या मे महिन्यात आईच्या पायाची जखम चिघळली आणि तिला धुळ्यातल्या एका दवाखान्यात ठेवावं लागलं. मी रजा टाकली आणि तिच्या खाटेशेजारी स्टूल ओढून ठाण मांडलं. औषध देणारी सिस्टर अंगाने बारीक, नुकतीच कामाला लागलेली वाटत होती. सुई घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा." आईने सांगितलं. संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

"काल सांगितलं ना तुम्हाला?" मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली आणि तशीच उभी राहिली.

शेवटी आईच कावली. "कितला येळा सांगू वं माय? तुले ध्यानात ऱ्हात नही का?" सिस्टर हसली, पण नाव ऐकल्याशिवाय तिने सुई लावली नाही.

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. जिला पेशंटचं नाव लक्षात राहत नाही, तिला औषध काय लक्षात राहणार? मग मला सगळंच दिसू लागलं. ती बाटली उजेडाकडे धरून बघायची. काही औषधांच्या वेळी दुसऱ्या सिस्टरला बोलवायची आणि दोघी डोकं जोडून काहीतरी पुटपुटायच्या. औषध साधं असेल तर दोन माणसं कशाला? नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. मी रिकाम्या बाटल्या कचऱ्यात जाऊ न देता पिशवीत भरून खाटेखाली ठेवू लागले. पुढेमागे भांडायची वेळ आली तर हातात पुरावा असावा.

वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरकडे तक्रारही केली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "विचारू द्या हो तिला." एवढंच. म्हणजे दोघी मिळालेल्या!

आईची खाट कूलरसमोर होती. शेजारी खिडकीजवळच्या खाटेवर दोंडाईच्याहून आलेल्या एक अक्का होत्या. त्यांच्या अंगात रक्त कमी होतं, बाहेरून चढवायचं होतं. खिडकीतून दुपारी अशी झळ यायची की खाटेचा लोखंडी दांडा हाताला चटका द्यायचा. दोन्ही म्हाताऱ्यांची गट्टी जमली होती. अक्कांच्या अडकित्त्याने कातरलेली सुपारी दोघी चोरून खायच्या, आणि मी बघितलं की भिंतीकडे तोंड करायच्या.

त्या दुपारी मी बर्फ आणायला खाली गेले. दुकानापुढे गर्दी होती, परत यायला बराच वेळ लागला. वर येऊन बघते तर आई खिडकीजवळच्या खाटेवर तोंडावर पदर घेऊन पडलेली, आणि तिच्या डोक्याशी स्टँडवर रक्ताची पिशवी टांगलेली. हातातला बर्फ खाली पडला. जोडणी झाली नव्हती. नळी अजून बारीक सिस्टरच्या हातात होती आणि दुसरी सिस्टर तिला घाई करत होती.

"अगं, खिडकीची खाट ना? मग तीच आहे. लाव. रक्त बाहेर किती वेळ ठेवणार?"

"नाव सांगत नाहीयेत त्या. हातात नावाची पट्टीही नाही."

"आजी, तुम्हीच ना?" दुसरीने विचारलं.

"हा, मीच," पदराआडून आई वैतागून म्हणाली. "बठ्ठं माहीत शे तुमले, लावा नं."

"असं नाही, आजी," बारीक सिस्टर म्हणाली. "नाव तुमच्याच तोंडून हवं."

मी ओरडून आईचं नाव सांगितलं. आख्ख्या वॉर्डाने ऐकलं. सिस्टरने पिशवीवरचं नाव वाचलं, आईच्या तोंडावरचा पदर बाजूला केला आणि नळी खाली ठेवली. भलत्याच गटाचं रक्त चढलं तर माणूस हातचं जातं, एवढं मलाही कळत होतं. ती अडून बसली नसती तर मी बर्फाच्या दुकानापुढे उभी असतानाच सगळं झालं असतं.

कूलरसमोर अक्का गाढ झोपल्या होत्या, त्यांच्याही तोंडावर पदर. आईला विचारलं तर म्हणाली, "अक्काले गरम व्हई ऱ्हायनं व्हतं. तिले म्हनं, मना खाटवर पड." आणि मनगटावरची नावाची पट्टी? घामाने खाजत होती म्हणून अडकित्त्याने कापली, आणि हरवू नये म्हणून आपल्या कपड्यांच्या पिशवीच्या बंदाला नीट बांधून ठेवली. पिशवी अर्थातच कूलरजवळच्या खाटेखाली होती.

मोठ्या सिस्टर आल्या. आता दुसरीची खरडपट्टी निघणार म्हणून मी वाट बघत होते. आमच्या डेपोत असतं तर निलंबनाचा कागद निघाला असता. त्यांनी आवाजही चढवला नाही. म्हाताऱ्यांनी खाटा का बदलल्या ते विचारलं आणि कूलर ओढून दोन्ही खाटांच्या मधोमध लावून घेतला. मला वाटलं, प्रकरण दाबताहेत. तसं तोंडावर बोललेही.

"रागावले तर पुढच्या वेळी झालेली चूक मला कोणी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. मला हे अजूनही पुरतं पटलेलं नाही.

संध्याकाळी बारीक सिस्टर आली तेव्हा मी विचारलं, "तुम्हाला आईचं नाव खरंच लक्षात राहत नाही का?"

"पाठ आहे, ताई. म्हणूनच भीती वाटते. पाठ झालं की हात आपोआप चालतो. मला माझाच भरवसा नसतो."

मी जगात सगळ्यांवर संशय घेत आले, पण स्वतःवर घ्यायचा असतो हे कधी सुचलं नव्हतं. रिकाम्या बाटल्यांची पिशवी मी त्याच रात्री कचऱ्यात टाकली.

घरी सोडायच्या दिवशी सकाळी वेगळीच सिस्टर आली. घाईत होती. आली तशी आईच्या खाटेवर वाकली आणि हात पुढे करा म्हणाली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईने हात पदराखाली घट्ट ओढून घेतला.

"पहिले नाव इचार वं माय," ती म्हणाली, "मंग सुई लाव."