उरलेल्या आठ गोळ्या

अठ्ठ्याहत्तर साल असेल. पिंपरीत आम्ही दोन खोल्यांत राहायचो, आणि त्या शुक्रवारी सकाळी बाबा दाढी करता करता खाली पडले... फिट आली होती.

तशी ही पहिली नव्हती. वर्षभरापूर्वी एकदा आली होती, मग डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि आता थांबेल असं आम्हाला वाटलं. थांबली नाही. महिन्यातून एखादी यायचीच, आणि नवल म्हणजे यायची ती शुक्रवारी.

बाबा प्रेस शॉपला होते. पत्रा दाबून आकार देणारी मोठी मशिनं, हात जरा चुकला की बोटं गेली... आमच्याच चाळीत दोन काकांची बोटं अशी गेली होती, त्यामुळे आईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. फिट आजवर घरी आली, पण मशिनवर यायला कितीसा वेळ?

म्हणून आई त्यांना शुक्रवारी कामावर सोडेना. खाडे वाढले. बाबा अजून पर्मनंट व्हायचे होते आणि आजाराचं कंपनीत कुणाला सांगितलेलं नव्हतं. आणखी खाडे झाले तर नाव कमी होईल, असं सुपरवायझरने तोंडावर सांगितलं. म्हणजे गेले तर हात जायची भीती, नाही गेले तर नोकरी... घरात दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हते.

शेजारच्या ताराकाकूंनी शुक्रवार ऐकला आणि निदान करून टाकलं. "देवीचा वार हाय बाई, कायतरी ऱ्हायलंय तुमचं." आम्ही बौद्ध. अंगारे-धुपारे घरात कधीच बंद झाले होते आणि बाबांपुढे असलं बोलायची सोय नव्हती. पण भीती माणसाला काय करायला लावेल सांगता येत नाही... आईने बाबांच्या उशीखाली अंगाऱ्याची पुडी सरकवलेली मी पाहिली. मी नववीत होते, मलाही सगळं कळत होतं असं मला वाटायचं, पण मी गप्प बसले.

महिना संपला तसे आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. ते पुढची गोळ्यांची चिठ्ठी लिहायला लागले, तर आई मध्येच म्हणाली, "साहेब, थोड्या कमी लिवा. मागच्या आठ उरल्यात." आवाजात चक्क अभिमान! आमच्या घरात काहीही उरलं की तो आईचाच पराक्रम असायचा.

डॉक्टरांचं पेन थांबलं. "रोज दोन घेतल्या तर उरतील कशा?"

बाबा एकदम ताठ झाले. हयगयीचा आळ त्यांना सहन व्हायचा नाही. "एकबी चुकवली न्हाई साहेब. कामावर जाताना एक, आल्यावर एक, खाडा झाला तरी शिफ्टच्या त्याच टायमाला. तुमच्या कंपाउंडरनंच सांगितलंय तसं."

कंपाउंडरने भलं करायला म्हणूनच तसं सांगितलं होतं. शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, सकाळ-संध्याकाळ म्हटलं असतं तर गोंधळ झाला असता.

"आणि गुरुवारी?" डॉक्टरांनी विचारलं. गुरुवारी आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी.

"गुरवारी कुठं कामावर जातो साहेब?"

डॉक्टर हसले नाहीत, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. आई मात्र पदर तोंडाशी धरून खाली बघत बसली. गोळ्या वाचवल्या म्हणून खूश होणारी तीच होती ना.

मग डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना सारखे निरोप देत असतात. एकीने दिला की दुसरी घेते, पुढे पाठवते. फिट येते तेव्हा त्यांच्यातल्या पुष्कळ जणी एकदमच ओरडायला लागतात, आणि हातपाय कुणाचं ऐकणार? गोळी त्यांना आवरून धरते, पण ती रक्तात कायम असली तरच. बुधवारी रात्रीनंतर थेट शुक्रवारी, इतका खंड पडला की तिचा जोर ओसरतो.

बाबांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "म्हंजी वॉचमनची ड्युटी. सुट्टी असली तरी गेटवर माणूस लागतोच की."

पुढच्या गुरुवारी आईने दोन्ही गोळ्या स्वतःच्या हाताने दिल्या. शुक्रवारी बाबा फर्स्ट शिफ्टला गेले. ती दिवसभर तांदूळ निवडत बसली होती... निवडलेले पुन्हा सुपात घेऊन. दुपारी बाबा दारात दिसले, तर ती त्यांच्या तोंडाकडे बघेचना, नुसती हातांकडे बघत राहिली. मग इतका उशीर का केला म्हणून त्यांनाच झापलं आणि मोरीत जाऊन रडली.

त्यानंतर फिट आलीच नाही. पर्मनंट झाल्यावर बाबांनी स्वतः जाऊन आजार सांगितला आणि स्टोअरला बदली मागून घेतली. मशिनवर आपल्या शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही कळायला हवं होतं, असं ते मागाहून म्हणायचे. ते मला फार आवडतं.

मी पुढे औषधांच्या काउंटरवरच आयुष्य काढलं. प्रत्येक पेशंटला गोळी कधी घ्यायची ते सांगून झालं की मी एक प्रश्न विचारायचे, सुट्टीच्या दिवशी कशी घेणार? बहुतेक जण हसायचे, काय मॅडम म्हणायचे...

आणि मधूनच एखादा हसायचा नाही. गप्प व्हायचा. त्याच्यासाठीच विचारत होते.