दोरी पुरायची तिथवर

चुका असतील, अक्षरही किडामुंगीसारखं आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली. कुणी वाचलंच तर माफ करावं.

लेक चालायला लागली तेव्हा आम्ही ऊसतोडीला होतो. सांभाळायला घरात दुसरं माणूस नाही, म्हणून तिला फडात न्यायचो. एका बाजूला विहीर, दुसरीकडे ट्रक, आमच्या हातात कोयते. मग जुन्या साडीच्या काठाची दोरी केली. एक टोक तिच्या कमरेला, दुसरं बाभळीला. सगळ्याच बाया असं करतात. सुरुवातीला ती रडायची. मी मोळ्या बांधत तिथूनच "गप, गप" म्हणायची. मग ती गप झाली.

टोळीतल्या मावशी म्हणाल्या, "लई गुणाची हाय गं. आमच्या कार्ट्यावानी बोंबलत न्हाई."

मला बरं वाटलं. लहानपणी मलाही सगळे गुणाचीच म्हणायचे.

पावसाळ्यात गावी आलो. गल्लीत पोरं टायर पळवत होती. माझी लेक दारातल्या खांबापासून थोडी पुढे गेली, थांबली, माघारी आली. पुन्हा गेली, पुन्हा तिथंच थांबली.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "पुढं कावून जात न्हाई ही? पाय तर धड हायेत."

मी खांबापासूनचं अंतर डोळ्यांनी मोजलं. दोरी पुरायची तिथवरच ती जात होती. कमरेला काहीच नव्हतं. उचलून गल्लीत उभी केली, तर अंग ताठ करून डोळे मिटून घेतले.

मालकांना, लेकीच्या बापाला, म्हटलं, "यंदा मी हिला घेऊन हितंच ऱ्हाते."

"मुकादमाची बाकी हाय. जोडीची उचल माझ्या एकट्यानं फिटंल का?"

ते खरंच होतं. टोळीच्या मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल दोघांनी ऊस तोडूनच फिटायची. मुकादम नवी उचल द्यायला आला, तेव्हा मी दाराआडून म्हटलं, "नवी नको. मागचीच फेडू."

तो हसला. "बाई बोलती व्हय? मला वाटलं मुकीच हाय."

पुन्हा ऊसतोडीला गेलो. विहीर तिथंच होती, म्हणून पुन्हा बांधलीच. पण दुसऱ्या साडीचा काठ जोडून दोरी लांब केली. तरी ती जुनी दोरी पुरायची तिथंच थांबायची. मी हाक मारली तरी पुढे येत नव्हती.

हंगाम सरून कारखाना बंद झाला तेव्हा मी बाभळीची गाठ सोडली. लेक सावलीतच बसून राहिली. तिला कडेवर घेऊन मी मुकादमापुढे जाऊन उभी राहिले, मालकांच्या मागे नाही. त्याने हिशोब केला.

"फिटलं सगळं. पुढची उचल कवा घेताय?"

"घेत न्हाई," मी म्हटलं.

एक रुपयाही देणं उरलं नव्हतं.