साण्यातून वर काढलेला पाइप

इंदापूर, मंगळवार, डिसेंबर १९५७. हजर : आबा, म्हणजे माझे वडील, खाटेवर, दादा, माझा थोरला भाऊ, वहिनी, वालचंदनगरहून आलेले वायरमन, आणि वही घेऊन मी.

ते पान अजून माझ्याकडे आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि आबांच्या घरीच राहत होते. घरातलं कुठलंही काम निघालं की मी वहीत यादी करायची आणि झालं तसं खोडत जायचं, असं ठरूनच गेलं होतं.

काम होतं घरात वीज घेण्याचं. हौस म्हणून नव्हे. आबांना दमा होता आणि बारामतीच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की यांच्या खोलीत धूर नको, रॉकेलची चिमणी तर नकोच. विजेचे खांब आमच्या गल्लीपर्यंत आले होते. गल्लीतल्या खांबावरून घरात तार घ्यायची तर छपरावर लोखंडी पाइप उभा करावा लागे. त्याच्या वाकवलेल्या तोंडातून तार आत उतरे. पाइप भक्कम आहे असं वीज ऑफिसच्या साहेबांनी तपासून लिहून दिलं, की मगच जोडणी.

आमच्या भिंती मातीच्या. बाहेरून पाइपला पट्टी मारली तर ती धरेना, पोपडाच हातात येई. वायरमन म्हणाले, "कोपऱ्यात माळवदाला भोक पाडू. पाइप तुळईला आवळू. वर मागच्या बाजूनं तारेचा ताण देऊ. काम पक्कं."

आबा खाटेवर उठून बसले. "माळवदाला भोक? माझ्या हयातीत न्हाय. एकदा पाणी मुरलं की तुळई गेली म्हणून समजा."

माळवद म्हणजे आमच्याकडचं मातीचं सपाट छप्पर. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आबा स्वतः त्याच्यावर पांढरी माती पसरत आणि कुणाला पायताण घालून वर जाऊ देत नसत.

"मग पाइप काय हवेत उभा करू, आबा?"

"साणं हाय की वर. आयतं भोक सोडून नवं कशाला पाडता?"

साणं म्हणजे खोलीत उजेड यावा म्हणून माळवदाला ठेवलेलं वीतभर भोक. आबांच्या खोलीला खिडकी नव्हती, साणं तेवढं होतं. वायरमन हसले. "आबा, तुमालाच मिस्त्री करायला पायजे!" दादा हसला, मीही हसले. वहीत 'माळवदास भोक' असं लिहिलं होतं ते खोडलं आणि 'साण्यातून' असं लिहिलं. पाइप साण्यातून वर काढला. भोवती दगड ठोकले, फटींत चिंध्या कोंबल्या आणि वरून पाणी शिरू नये म्हणून मातीचा गिलावा केला. संध्याकाळच्या आत काम उरकलं याचं मला समाधान वाटलं.

दहा दिवसांनी साहेब आले. शिडीवरून वर गेले, पाइप दोन्ही हातांनी धरून हलवला. तो हलला.

"हा टिकायचा नाही. रस्त्यावरून तार ओढली की तिच्या ताणानं झुकेल."

दादाला राग आला. "सायेब, आजोबाच्या वेळचं घर हाय. आजवर एक चिरा हालला न्हाय."

"अहो, मी घर कुठं हलवतोय? पाइप हलतोय. मागून ताण द्या, खाली तुळईला आवळा."

पण तुळईला आवळायचं तर पाइप तुळईला लागून हवा, आणि साणं तुळईपासून लांब. म्हणजे पुन्हा भोकाचीच गोष्ट. आबा ऐकेनात. शेवटी दादानं पाइपला तार बांधली आणि परसातल्या लिंबाला ओढून धरली. साहेब दुसऱ्यांदा आले, झाडाकडे बघत राहिले, म्हणाले, "वारा सुटला की झाड डुलणार, आणि त्याच्याबरोबर तुमचा पाइप." पुन्हा नापास.

यात पाच आठवडे गेले. आबांचा खोकला वाढत चालला. साणं बंद झाल्यामुळे खोलीत दिवसाही अंधार, म्हणून आता चिमणी दिवसाही जळत होती. हे मी आज एका वाक्यात लिहिते. तेव्हा मला दिसलं नाही. वहिनी एकदा म्हणालीसुद्धा, "वन्सं, आबांच्या खोलीतली भिंत बघा की. निस्ती काजळी धरलीया." मी म्हटलं, "म्हणूनच तर घाई करतेय," आणि साहेबांना तिसरा अर्ज लिहायला बसले.

मग बारामतीचे डॉक्टर आले. त्यांनी आबांची छाती तपासली, भिंतीवरून बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. "बाई, या खोलीतला धूर जातो कुठून?"

मी वर हात केला. वर दगड होते, चिंध्या होत्या, गिलावा होता.

दादा तडक माळवदावर गेला आणि पहारीनं ते सगळं उकरून काढलं. माती खाली खाटेवर पडली. मग उजेड आला. आबांनी डोळ्यांवर हात धरला. धाप लागलेली, तरी म्हणाले, "मीच बुजवलं गं. माळवद वाचवाय गेलो."

"तुम्ही सांगितलं, आबा. लिहून मी घेतलं."

"पाड भोक," ते म्हणाले. "कोपऱ्यात पाड. पाऊस आला तर बघू."

वायरमन दुसऱ्याच दिवशी आले. या वेळी पाइप तुळईला दोन पट्ट्यांनी आवळला आणि वर मागच्या बाजूनं तारेचा ताण दिला. आबा खालून विचारत होते, "हालतोय का रं?" दादा वरून ओरडला, "न्हाय, आबा. मीच लोंबकाळलो तरी हालायचा न्हाय." आबा हसले, आणि हसताना पुन्हा खोकल्याची उबळ आली.

साहेबांची फेरी पंधरा दिवसांनी होती. आबा त्याच्या आधी सहा दिवस गेले. छाती मुळातच कमजोर होती, असं डॉक्टर म्हणाले. ते माझ्यासाठी म्हणाले असावेत. मी मान डोलावली.

साहेब आले तेव्हा खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती. त्यांनी पाइप हलवून पाहिला. हलला नाही. त्यांनी सही केली आणि खाली आल्यावर विचारलं, "ते म्हातारे कुठं आहेत? भोक पाडू देत नव्हते ते?" दादा आत निघून गेला. सांगावं मलाच लागलं.

जोडणी झाली. आबांच्या खोलीत दिवा लागला तो एका कोपऱ्यात. खाटेवर पडल्या पडल्या त्यांना वाचता यावं म्हणून मीच वायरमनना पॉइंट खाटेच्या उशाशी द्यायला सांगितला होता. खाट उचलली गेली, पॉइंट तिथंच राहिला. त्या कोपऱ्यात लख्ख उजेड पडतो आणि बाकीच्या खोलीत वहिनीला धान्य निवडताना खडे दिसत नाहीत. ती दर दिवाळीला मला आठवण करून देते, आणि मी दर वर्षी नव्या वहीत पहिल्या पानावर तेच लिहिते : दिवा खोलीच्या मध्यावर घेणे. वायरमनना अजून बोलावलेलं नाही.