न टोचलेली वांगी

आमच्या घरात संगणक खिडकीशी असतो आणि माझा फोन पोळपाटाशेजारी. संगणक मुलीचा. ती नोकरीला पुण्याला गेली, तो मागे राहिला, आणि पाइपच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर आमचे हे त्याच्यासमोर जे बसले ते बसलेच. जळगावच्या उन्हात दुपारी बाहेर पडून तरी काय करणार म्हणा.

प्रश्नोत्तरांच्या एका मराठी संकेतस्थळाचा नाद आम्हा दोघांना तिनंच लावला. कोणीही काहीही विचारावं, कोणीही उत्तर द्यावं. मी फोनवरून भरीत, शेवभाजी, ज्वारीच्या बिबड्या अशा पदार्थांवरच्या प्रश्नांची उत्तरं देते. नाव घातलेलं नाही. चेहऱ्याच्या जागी हिरव्या वांग्याचा फोटो आहे. ही गोष्ट ह्यांना ठाऊक नव्हती, आणि हे तिथे काय लिहितात ते मला ठाऊक नव्हतं. कधी विषय निघालाच तर म्हणायचे, "तुझ्या फोनवर अर्धवट दिसतं. ते 'अजून वाचा' दाबत जा, नाहीतर इथे संगणकावर येऊन बस." पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाईला हे वाचायला शिकवणार! मी कधी बसले नाही.

शाळेनं मला एक खोड लावली ती संशयाची. पोरगं फार शांत बसलं की त्याच्या मांडीवर काहीतरी लपलेलं असतं, हे मला फळ्याकडे तोंड असतानाही कळायचं. गेल्या हिवाळ्यात हे तसेच शांत झाले. मी चहा घेऊन गेले की पडद्यावरचं पान पटकन दडवायचे. वर विचारायचे, "काल जेवाले काय व्हतं वं?" एकदा नाही, आठवड्यातून तीनदा. मी म्हणायची, "तुम्हीच सांगा की." मग हे पुन्हा पडद्याकडे वळायचे.

ही माझी परीक्षा चालली होती, याबद्दल मला शंका उरली नाही. कारणही माहीत होतं.

धुळ्याहून माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान आले होते. गच्चीवर भरिताचा बेत. आमच्याकडे वांगी भाजणं आणि कुटणं पुरुषांचं काम. निवडणं, जाळात फुटू नयेत म्हणून टोचणं आणि पुऱ्या लाटणं बायकांचं. मी खाली पुऱ्या लाटत होते, हे वांग्यांची टोपली वर घेऊन गेले. कपाशीच्या काड्यांचा जाळ चांगला पेटला आणि फाटकन एक वांगं फुटलं. मग दुसरं. तिसऱ्याचा गर बहिणीच्या साडीवर. मी धावत वर आले, तर हे सगळ्यांदेखत म्हणाले, "वांगा टोचेल नहीत का वं?"

टोचली होती की नाही, मला आठवेना. मी मान खाली घातली. बहिणीचे यजमान हसत म्हणाले, "अक्का, वय झालं आता तुमचं!" सगळे हसले. मीही हसले. माझ्या आईला शेवटची तीन वर्षं माझं नावही आठवत नव्हतं. तिच्यासारखीच मी जाणार, ही भीती मी कोणाला बोलले नव्हते. त्या दिवसापासून मीठ घातलं की डब्यावर चमचा आडवा ठेवायला लागले, म्हणजे दोनदा पडायला नको.

आणि एका सकाळी भाजी परतताना फोनवर तो प्रश्न दिसला. विचारणारा अनामिक. "वय झालं की विसरणं सुरू होतं. हे घरात बोलावं की लपवावं? आमच्याकडे भरिताची वांगी न टोचताच जाळावर गेली, पाहुण्यांसमोर एकेक फुटलं..."

पुढे 'अजून वाचा'. मी काय वाचू आणखी? तळपायाची आग मस्तकात गेली. माझी धुणी चव्हाट्यावर धुवायला बसले होते! तिथल्या तिथे, एका हातात उलथनं धरून, अंगठ्यानं उत्तर लिहिलं: "अजिबात बोलू नका. माणसाचा मान घरातच राहिला नाही तर बाहेर कुठे राहणार? गुपचूप बसा."

संध्याकाळी खाली विचारणाऱ्याचा प्रतिसाद आला. "तुमचं पटलं. आता बोलणार नाही."

बरी जिरवली, असं मला वाटलं. खरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

तीन दिवसांनी हे दूध आणायला गेले आणि पान दडवायचं विसरले. आणखी काय काय लिहिलंय माझ्यावर, ते बघायला मी चष्मा लावून संगणकासमोर बसले. तिथे प्रश्न सबंध होता.

"बायको पुऱ्यांत होती म्हणून टोचायचं काम मी माझ्याकडे घेतलं. वर गेलो आणि हातात सुरी कशाला आहे तेच आठवेना. मग तिलाच विचारलं, आणि तिनं मान खाली घातली. तिला वाटतं, तिचंच चुकलं. काल काय जेवलो, तेही हल्ली तिला विचारून घेतो, ती चिडते. तिची आई अशीच गेली. तिला पुन्हा तेच बघायला लावावं का, एवढंच कोणीतरी सांगा."

त्याखाली एकच उत्तर. हिरवं वांगं आणि माझा शहाणपणा.

मला रडू आलं नाही. स्वतःचा राग आला, इतका की उत्तर पुसायलाही हात उचलेना.

हे आले ते दुधाऐवजी दही घेऊन. मी पिशवी घेतली. ह्यांना खुर्चीवर बसवलं, शेजारी स्टूल ओढलं आणि माझा फोन उघडून संगणकासमोर ठेवला. ह्यांनी फोनवरचं वांगं पाहिलं, मग पडद्यावरचं. पुन्हा फोनवरचं.

"ते वांगं तू शे का?"

"मीच," मी म्हटलं. "अर्धाच वाचला होता प्रश्न."

ह्यांनी फोन उचलून माझ्या हातात परत दिला. मग माझ्याकडे न बघताच, हळू आवाजात विचारलं, "काल जेवाले काय व्हतं वं?"

"कळण्याची भाकरी आणि ठेचा," मी सांगितलं. "तुम्ही दोन खाल्ल्या."