चिखलातली चाळीस आळी

नांदूरघाटात कुणीही झाड लावलं की मातीची पहिली मूठ वत्सलाबाईंची, हे ठरलेलं. शाळेच्या रस्त्याचे दीडशे लिंब त्यांनी बुडाशी माठ पुरून, दोन दुष्काळांतून जगवलेले. रोप दिसलं की आधी त्याच्याभोवती ताटासारखं गोल आळं करणार आणि मग गावाला सुनावणार, "लावायला काय, माकड बी लावतंय. जगवून दावा!"

त्यांची धाकटी जाऊ बायडाबाई. तिच्या हाताखाली तुळससुद्धा वाळायची. गेल्या वर्षी बचत गटात विचारणा आली : कोकणात खारफुटी लावायला कोण येतं? समुद्राकाठच्या खाऱ्या चिखलात वाढणारी, किनारा धरून ठेवणारी झाडं. मजुरी नाही, हौसेनं जायचं. वत्सलाबाईंची म्हैस नेमकी व्यायला झालेली, म्हणून बायडाबाई गेली. आठ दिवसांनी परतली ती समुद्र माहेरचाच असल्यासारखी.

"आक्का, तिथं पाणी घालायचंच न्हाई. समिंदर सोता येतो, दिसातून दोनदा, अन् पाजून जातो."

"मग तुझ्यासारखीला बरंच हाय की," वत्सलाबाई म्हणाल्या.

ओसरीवर रोज बाया जमायच्या. बायडाबाई लुगडं खोचून चिखलातली चाल करून दाखवायची. बाया हसून लोळायच्या. आत वत्सलाबाई भाकरी अशी बडवायच्या, की फळीवरचे डबे वाजायचे. "समिंदर, समिंदर! कावून, आपल्या पाली धरणात काय पाणी नव्हतं का?"

यंदा शाळेत झाडं लावायची ठरली आणि हेडमास्तरांचा निरोप आला : पहिली मूठ बायडाबाईंनी टाकावी, त्या समुद्रावर जाऊन आल्यात. वत्सलाबाईंनी त्या दिवशी डोक्याला फडकं बांधलं आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या.

पुढच्याच महिन्यात गटाची गाडी पुन्हा कोकणात निघाली, तेव्हा खिडकीची जागा धरून सगळ्यांत आधी वत्सलाबाई बसल्या होत्या.

ओहोटी लागली. काम बघणाऱ्या तिथल्या दादानं शेवग्याच्या शेंगेसारखी लांब रोपं वाटली. चिखलात सरळ टोचायचं, बाकी काही करायचं नाही. बायडाबाईनं भराभरा दोन रांगा संपवल्या. दादा म्हणाला, "वा ताई, हात बसलाय तुमचा!"

वत्सलाबाईंनी पदर कमरेला खोचला. हात बसलाय म्हणे! त्या लांब कडेला गेल्या. चाळीस रोपं टोचली, प्रत्येकाभोवती चिखल उकरून गोल आळं केलं, आणि प्यायच्या कॅनमधलं गोडं पाणी ओंजळीनं घातलं. बघू आता कुणाची जगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरती येऊन गेलेली. बायडाबाईच्या रांगा ताठ उभ्या. कडेची चाळीस रोपं मात्र चिखलात आडवी झोपलेली, भोवती आळ्यांची अर्धीमुर्धी कडी.

"हे कोणी केलान?" दादा कपाळावर हात मारून म्हणाला. "बुडचा चिखल उकरलात तर रोप उभं कसं राहील?"

वत्सलाबाई दोन पावलं मागं सरल्या. ही गोष्ट गावात गेली तर शाळेच्या रस्त्यानं चालता यायचं नाही. तोच मागून आवाज आला.

"मीच केलं, दादा. चुकलं माझं."

बायडाबाई! मान खाली घालून, अगदी गरीब गाईसारखी. दादाचा चेहरा लगेच मऊ झाला. "असू दे ताई, कबूल केलात ना, मोठ्या मनाच्या तुम्ही."

मोठ्या मनाच्या! एवढं मात्र वत्सलाबाईंना सोसेना.

"खोटं बोलती ती! मी केलंय!" त्या चिखल तुडवत पुढं आल्या. "हिला जन्मात एक आळं जमलं न्हाई. जरा गोलाई बघा की, डोळे हायत न्हवं?"

"आक्का, गप बसा," बायडाबाई दात आवळून पुटपुटली, "मी तुमची लाज झाकाय लागले."

"माझी लाज माझी हाय. आता ती बी तूच नेतीस व्हय? सांग गावात जाऊन, समद्यांना सांग. पर माझ्या नावानं सांग!"

आणि त्या खाली बसल्या, पहिलं आडवं रोप उचललं, आणि कुणाकडं न बघता ते नुसतंच सरळ टोचलं.