पूजेतला पाना

करमाडच्या फाट्यावर पुंजारामचं टायरचं दुकान आहे. चाक बसवावं तर त्यानंच, आणि बोलणी खावी तर त्याचीच. घाईचं गिऱ्हाईक आलं की याचं डोकं फिरतं. "विमान पकडायचंय का? मग चालत जा!" असं तोंडावर सांगणारा माणूस. नट आधी बोटांनी फिरवणार, मग पाना लावणार. एक आवळला की त्याच्या समोरचा, गोलगोल नाही. नटाखाली रंगाचा कण दिसला तरी तारेच्या ब्रशनं घासून काढणार. पान्याला पाइप जोडून वर नाचणारा ड्रायव्हर दिसला की ओरडणार, "अरं, बोल्ट हाय तो, लई ताणला तर तुटंल!" शेवटी प्रत्येक नटावरून रिमवर पिवळी रेघ ओढणार आणि दम देणार, "पन्नास किलोमीटर झाले की परत ये. रेघ सरकली का बघायचंय. नाय आलास तर पुन्हा या दारात पाय ठेवू नको."

लोक हसतात. मागून त्याला पिवळ्या म्हणतात. हसणाऱ्यांचं काय जातंय! ही रेघ तो दोन वर्षांपूर्वीच्या दसऱ्यापासून ओढतो, आणि का ओढतो ते पहिले आठ महिने त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

साहेबराव त्याचा जिवाभावाचा दोस्त. करमाड ते संभाजीनगर काळी-पिवळी जीप चालवायचा. त्या वर्षी खंडेनवमीला त्यानं चारी चाकं पुंजारामच्या दुकानापुढं उतरवली आणि स्वतःच्या हातानं चंदेरी रंगवली. हात सढळ, रंग जाड. बसवायची वेळ आली तसा पुंजाराम म्हणाला, "नट बसतात तिथला रंग खरवडू दे. खाली रंग राहिला की तो दबतो, नट ढिला पडतो."

"सणाच्या तोंडावर माझ्या गाडीला ओरखडे काढतो व्हय रे? बघ, चाकं कशी नवरदेवावानी दिसायलीत!"

पुंजारामलाही दुकान झाडून हत्यारं पूजेला मांडायची होती. पुन्हा एकदा आवळू की नंतर, असं म्हणून त्यानं नट तसेच रंगावर बसवले.

दसऱ्याला शहराच्या दोन खेपा मारून संध्याकाळी साहेबराव सोनं द्यायला आला. आपट्याची पानं हातावर ठेवली, गळाभेट झाली. निघता निघता म्हणाला, "पुंज्या, पुढच्या डाव्या चाकात खटखट वाजायलंय जरा. बघतो का?"

पाना दहा पावलांवर होता. पाटावर, हळदीकुंकू लावलेला, वर झेंडूचं फूल. दसऱ्याला हत्यार उचलायचं नाही, ही बापापासूनची रीत. पुंजारामनं पान्याकडं पाहिलं, साहेबरावकडं पाहिलं.

"आज नाय रे. सकाळी ये, पहिलं तुझंच काम."

सकाळी साहेबरावला शेंद्र्याच्या कारखान्यांतले पहिल्या पाळीचे कामगार भेटले. एवढी खेप टाकून मग जाऊ म्हणाला असेल बिचारा. शेंद्र्याच्या अलीकडं डावं चाक निघालं. पाचही बोल्ट तुटले, जीप दुभाजकावर उलटली. सहा जणांची हाडं मोडली. साहेबराव जागीच गेला. पुंजाराम धापा टाकत पोचला तेव्हा चाक बाभळीखाली पडलं होतं. रिममधली बोल्टांची भोकं लांबट झाली होती. बाकी रंग तसाच चकचकत होता.

मग गावानं ठरवून टाकलं, साहेबरावची सणाची उतरली नव्हती. ज्यानं जन्मात दारूला हात लावला नाही, त्याची ही बदनामी! जखमींच्या घरचे त्याच्या बायकोच्या, रत्नमालेच्या दारात येऊन वाट्टेल ते बोलून गेले. पुंजाराम दहाव्याला मान खाली घालून बसला. एका शब्दानं बोलला नाही. उगाच झाकून काय ठेवायचं, भ्याला तो.

आठ महिन्यांनी रत्नमालेनं जीप दुरुस्त करून आणली. आता तिचा भाऊ कृष्णा चालवणार होता. चाकं बसवायला ती पुंजारामकडंच आली, कारण साहेबराव म्हणायचा, पुंज्याच्या हातचं चाक हलत नाय. तीन चाकं बसली होती, पुढच्या डाव्याचे दोन नट लागले होते, तेवढ्यात ती म्हणाली, "भाऊजी, पोरगी शाळंतून रोज रडत येती. तुझा बाप बेवडा म्हणत्यात तिला. त्या सांजंला तुमी त्यायला भेटले व्हते ना? खरं सांगा, पिले व्हते का?"

पुंजारामनं पाना खाली ठेवला.

"नाय वहिनी. एक थेंब नाय. चाक वाजतंय म्हणून दाखवाया आला व्हता. पाना पूजेत व्हता. म्या उचलला नाय."

"आठ महिने तुमी आमच्या दारावरून जायले. एकदा बी तोंड उघडलं नाय?" रत्नमाला म्हणाली आणि मागं वळली, "कृष्णा, काढ गाडी."

"वहिनी, पाया पडतो, दोनच नट लागलेत. बाकीचे लावू द्या, मग या दाराकडं बघू बी नका."

ती त्याच्या डोक्यावर उभी राहिली. पाचवा नट आवळेपर्यंत हलली नाही. पुंजारामच्या पिवळ्या रेघा वाकड्या आल्या. पन्नास किलोमीटरचं त्याच्या तोंडातून निघालं नाही.

त्याच संध्याकाळी तो सहाही जखमींच्या घरी गेला आणि उंबऱ्यात उभं राहून सगळं सांगितलं. एकानं कानाखाली जाळ काढला. पुंजारामनं गाल चोळला आणि पुढच्या घरी गेला. पोरगी शाळेतून रडत यायची थांबली. रत्नमाला मात्र त्याच्याशी बोलली नाही.

पुढच्या दसऱ्याला पाटावर सगळी हत्यारं मांडली होती, एकटा पाना नव्हता. तो हातात घेऊन पुंजाराम दिवसभर फाट्यावर उभा होता. दिवस मावळता काळी-पिवळी आली, थांबली. त्यानं वीसही नट तपासले. एकही रेघ सरकली नव्हती, तरी प्रत्येकाला पाना लावून पाहिला. रत्नमाला पुढं बसली होती, मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी. त्यानं हात पुसले आणि क्षणभर खिडकीपाशी थांबला. तिनं सोनं दिलं नाही. त्यानंही मागितलं नाही.